तीन फुल्या

सकाळचे सात वाजून बेचाळीस मिनिटं. रुग्णालयाच्या तळघरात, दोन मीटर जाड काँक्रीटच्या भिंतींआड, भार्गवी बर्वे टेबलावरच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यावर वाकली होती. दोन बाजूंच्या भिंतींतून आणि छतातून येणाऱ्या हिरव्या रेषा ठोकळ्यावर कोरलेल्या फुलीत एकमेकींना छेदायला हव्यात. छेदत होत्या. तिने तक्त्यात ‘योग्य’ लिहिलं, वेळ टाकली आणि पुढची तपासणी घेतली. दार उघडं असताना मशीन सुरू होता कामा नये. तिने दार उघडं ठेवून बटण दाबून बघितलं. मशीन सुरू झालं नाही. तेही लिहिलं.

भार्गवी बावीस वर्षांची, दापोली तालुक्यातल्या केळशीची. वडील देवदत्त बर्वे आंब्याचे बागायतदार. तिने विद्यापीठाच्या रेडिओथेरपीच्या पदवीची तीन वर्षं कोल्हापुरात काढली आणि चौथ्या, प्रत्यक्ष कामाच्या वर्षासाठी ती रत्नागिरीच्या या रुग्णालयात आली. माळनाक्यावर एका खोलीत राहते. केळशीत तिला अजून विचारतात, “एक्स-रे काढायला शिकत्येस ना?” वडील समजावून सांगायचे, आता नुसते “हो” म्हणतात.

कॅन्सरच्या गाठीवर किरण कुठे आणि किती द्यायचे, हे डॉक्टर ठरवतात. त्याचं गणित फिजिसिस्ट मांडतो. पण त्या माणसाला पंचवीस-तीस दिवस रोज त्याच जागी, त्याच तऱ्हेने निजवायचं आणि मशीन चालवायचं, हे काम रेडिएशन थेरपिस्टचं. या निजवण्याला तिथे ‘सेटअप’ म्हणतात. पदवीसाठी असे पन्नास सेटअप वरिष्ठाच्या देखरेखीखाली करावे लागतात आणि प्रत्येकाखाली वरिष्ठाची सही लागते. पन्नासावा वेगळा. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने करायचा. वरिष्ठ फक्त बघतो. त्या पानावर एक रकाना असतो : ‘मदत घेतली : होय / नाही’. ‘होय’ आलं तर सेटअप धरला जात नाही.

मार्चमधल्या त्या मंगळवारी भार्गवीच्या वहीत एकोणपन्नास सह्या होत्या. पूर्ण झालेली वही विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती. त्याआधी ती तपासायला फिजिसिस्ट उन्मेषकडे एकपर्यंत द्यायची होती. पन्नासावी सही आली तर एप्रिलची तोंडी परीक्षा. नाही तर ऑगस्टची.

सही करणार होता निलेश सुर्वे. वरिष्ठ थेरपिस्ट, वय एकोणचाळीस, मूळचा गुहागरचा. या यंत्रावर पहिल्या दिवसापासून तोच आहे. सोमवारी यंत्राला गार ठेवणारी पाण्याची यंत्रणा बंद पडली होती आणि एकाही पेशंटला किरण मिळाले नव्हते. सोमवारी लावलेले काही पेशंटही मंगळवारात कोंबले होते. यादीत शेहेचाळीस नावं झाली.

“पन्नासावा कोण घेत्येस?” सव्वाआठला त्याने विचारलं.

“गंगुबाई शिवलकर. अकरा वीस.”

“डावी छाती? सोपी निवडलीस.”

“सोपी नाही सर. ओळखीची.”

“तेच ते.” तो यादीकडे वळला. “आज कुणाला बारा मिनिटांच्या वर द्यायला नाहीत. सांगून ठेवतो.”

*

गंगुबाई खाडीपलीकडच्या भाट्ये गावच्या. वय कागदावर एकसष्ट. डिसेंबरात ऑपरेशन झालं, डावा स्तन काढला, आता त्या जागेला पंचवीस दिवस किरण. शुक्रवारी पंधरावा दिवस पार पडला होता.

रोज त्याच जागी निजवायचं म्हणजे अंगावर खुणा हव्यात. बहुतेकांच्या कातडीत सुईने शाईचे तीन ठिपके कायमचे टोचतात. गंगुबाईंनी पहिल्याच दिवशी सुई बघून दोन्ही हात पुढे केले होते. मनगटापासून कोपरापर्यंत तुळस, मोर, नवऱ्याचं नाव. “माझ्याबरोबर वर जायला एवढं गोंदण पुरे हाय. आणिक नको.” डॉक्टरांनी फार ताणलं नाही. मग काळ्या मार्करने तीन फुल्या काढल्या, एक छातीच्या मधोमध आणि दोन दोन्ही कुशींवर. वर पारदर्शक पट्ट्या चिकटवल्या आणि बजावलं : साबण लावायचा नाही, चोळायचं नाही, पुसट झाल्या तर आम्हीच गडद करू.

भार्गवीची एक सवय होती. फुल्या हिरव्या रेषांवर बसल्या की टेबल कुठे येऊन थांबलंय त्याचे तीन आकडे पडद्यावर दिसतात : उंची, रुंदी, लांबी. ते ती पेशंटवार आपल्या छोट्या वहीत उतरवून ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं. निलेश तिला त्यावरून छळायचा. “काय तलाठीबाई, सातबारा झाला का लिहून?”

रोज पडताळून बघायची ही सवय तिने कोल्हापुरात उचलली होती, पण पदवीच्या वर्गात नाही. बारावीनंतरच्या सुटीत कमलाआत्याबरोबर ती तेहतीस दिवस तिथल्या रुग्णालयात गेली होती. तिथला थेरपिस्ट आत्याला रोज नाव आणि जन्मतारीख विचारायचा. विसाव्या दिवशी आत्या उखडली, “अजून ओळखत नाहीस का रे मला?” तो म्हणाला, “ओळखतो. तरी सांगा.” भार्गवी दाराशी उभी होती. डॉक्टर व्हायला लागणारे गुण तिला नव्हते आणि बँकेच्या परीक्षा तिला द्यायच्या नव्हत्या. त्या महिन्यात तिने या पदवीचा फॉर्म भरला.

*

गंगुबाई आत आल्या तेव्हा अकरा वाजून एकतीस मिनिटं झाली होती. अकरा मिनिटं उशीर. सून ईशा बाहेर बाकावर बसली.

“नाव सांगा आजी.”

“गंगुबाई हरिश्चंद्र शिवलकर.”

“जन्मतारीख?”

“एक जून. सगळ्या भाट्याचा जन्म एक जूनचा. मास्तरांनी एकाच दिवशी जन्माला घातलान सगळ्यांना. रोज काय विचारतेस गो?”

“रोज विचारायचं असतं.”

निलेश हाताची घडी घालून दाराशी उभा राहिला. भार्गवीने छातीखालची उतरती फळी ठरलेल्या खाचेत बसवली, गंगुबाईंना निजवलं, दोन्ही हात डोक्यामागच्या आधारावर ठेवले आणि चादर बाजूला केली.

फुल्या ताज्या होत्या. काळ्याभोर, टोकांना रेखीव. पट्ट्या नव्हत्या. मार्चच्या घामाने पट्ट्या सुटतात, त्यात नवल नव्हतं. शुक्रवारी गंगुबाईंचा सेटअप निलेशने केला होता. त्यानेच गडद केल्या असतील, असं तिच्या मनात आलं आणि ती पुढे गेली.

टेबल सरकवलं. मधली फुली हिरव्या रेषेखाली आली. उजवी बसली. डावी दोन मिलिमीटर वर. तेवढं चालतं. सगळं मिळून चार मिनिटं. इतका नेटका तिचा एकही सेटअप आजवर झाला नव्हता.

मग तिने पडद्यावरचे आकडे बघितले. उंची तीच. रुंदी तीच. लांबी पंच्याऐंशी पूर्णांक आठ.

तिने खिशातली वही काढली. गंगुबाईंच्या पानावर पंधरा दिवस सत्त्याऐंशीच्या आसपास होते. सगळ्यात कमी शहाऐंशी पूर्णांक नऊ, सगळ्यात जास्त सत्त्याऐंशी पूर्णांक चार. बहुतेक दिवस सत्त्याऐंशी पूर्णांक दोन.

“तलाठीबाई, सातबारा नंतर,” निलेश म्हणाला. “खुणा बसल्या?”

“बसल्या. पण लांबीचा आकडा जुळत नाहीये, सर. एक पूर्णांक चार कमी आहे.”

“म्हाताऱ्या बाया थोड्या वरखाली निजतात. टेबल खोटं बोलतं, कातडी नाही. चल बाहेर.”

दोघं बाहेर आले. जड दार सरकत बंद झालं. पडद्यावर गंगुबाई दिसत होत्या, हात डोक्यावर, डोळे छताकडे. कन्सोलवर लाल चौकट आली : टेबलाची जागा मर्यादेबाहेर. एका सेंटिमीटरहून जास्त फरक पडला की संगणक असा अडवतो. वरिष्ठाने पासवर्ड घातला की पुढे जाऊ देतो. छातीच्या पेशंटना आठवड्यातून दोन-तीनदा असं व्हायचंच आणि निलेश पासवर्ड घालायचा. त्याचा अंदाज आजवर चुकलेला भार्गवीने बघितला नव्हता.

त्याने कीबोर्ड ओढला आणि बोटं वर धरून थांबला. हा तिचा सेटअप होता. ‘तयार’ हा शब्द तिने म्हणायचा होता.

“बोल.”

भार्गवी लाल चौकटीतला आकडा पुन्हा वाचत होती.

“बोल गो, बाहेर बत्तीस जण बसल्येत.”

“सर, इमेज घेऊया.”

“इमेज गुरुवारी.” मशीनमधूनच हाडांचा फोटो काढून जागा पडताळायची, ती इमेज. पहिले तीन दिवस आणि मग आठवड्यातून एकदा, दर गुरुवारी.

“आज घेऊया.”

“कशासाठी? तुझ्या वहीत लिहिलंय म्हणून?”

“पंधरा दिवसांत अर्ध्या सेंटिमीटरच्या वर एकदाही गेलेलं नाही. आज एकदम चौदा मिलिमीटर.”

निलेशने खुर्ची तिच्याकडे वळवली. आवाज चढवला नाही. “इमेज जुळवायला उन्मेषला बोलवावं लागेल. उन्मेष आला की ती मदत. रकाना माहितीये ना तुला?”

“माहितीये.”

“आणि इमेज बरोबर निघाली तर? सही गेली, वर माझी पंधरा मिनिटं गेली.”

तिला ते माहीत होतं. खाचेचा आकडा चुकून फळी एका खाचेने पुढेमागे बसली असेल तरी असा फरक दिसतो. पण खाच तिने दोनदा बघितली होती. शुक्रवारच्या ओळीत निलेशच्याच सेटअपचा आकडा होता, सत्त्याऐंशी पूर्णांक एक.

“शुक्रवारी फुल्या तुम्ही गडद केल्या का?” तिने विचारलं.

“नाही. का?”

“मग कुणी केल्या?”

निलेशने पडद्याकडे बघितलं. मग माइकचं बटण तिच्यासमोर सरकवलं. “विचार त्यांना. एक मिनिट.”

“आजी, हलू नका. फक्त सांगा. छातीवरच्या फुल्या घरी कुणी काढल्या का?”

“तुमीच तर काढल्यात.”

“शुक्रवारनंतर कुणी हात नाही लावला?”

“नाय नाय. कोण लावील? हात मेले गो बाय माझे, लवकर कर.”

निलेशने हात पसरले. मिळालं उत्तर. आता दोन मिनिटांचं काम होतं. किरण सुरू, किरण बंद, सही, आणि एक वाजायच्या आत वही उन्मेषच्या टेबलावर. लांबीचा आकडा खरा असेल तर किरणांचा सगळा पट्टा गळ्याकडे सरकणार होता आणि खालची जवळपास दीड सेंटिमीटर जागा कोरडी राहणार होती. आज, उद्या आणि परवा गुरुवारी इमेज होईपर्यंत. काही दुखलं नसतं. काही दिसलं नसतं. पडद्यावर ‘पूर्ण’ असंच उमटलं असतं.

“मी ‘तयार’ नाही म्हणत, सर,” भार्गवी म्हणाली. “उन्मेष सरांना बोलवा.”

*

उन्मेष शेजारच्याच खोलीत बसतो. तो आला तेव्हा अकरा सेहेचाळीस झाले होते. गंगुबाईंचे हात थरथरायला लागले होते. हात खाली घेतले की सेटअप मोडला, मग इमेजला अर्थ नाही. भार्गवी माइकवर बोलत राहिली. “दोन मिनिटं आजी. दीडच. श्वास नेहमीसारखा घ्या.”

इमेज आली. उन्मेषने ती पहिल्या दिवसाच्या इमेजवर ठेवली. दोन्हींतल्या फासळ्या एकमेकींवर पडायला हव्यात. पडल्या नाहीत. प्रत्येक फासळी दोनदा दिसत होती. त्याने माउसने एक इमेज सावकाश सरकवली, जुळवली आणि आकडा वाचला.

“चौदा मिलिमीटर. डोक्याकडे.”

निलेशने कीबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“खुणा कुणी काढल्या या?” उन्मेषने विचारलं.

“हात खाली घ्यायला सांगू का?” भार्गवी म्हणाली.

“सांग, सांग.”

ती आधी आत गेली, गंगुबाईंचे हात खाली घेतले, चादर पांघरली. मग बाहेर बाकाशी आली. ईशा साडीला फॉल लावत बसली होती. भाट्यात ती ब्लाउज शिवते. भार्गवीने विचारलं तेव्हा तिने सुई पदराला खोचली आणि आधी दाराकडे बघितलं.

“आईंना ओरडू नका ताई. मीच केलं. रविवारी शिमग्याची पालखी यायची होती घरी. वर्षातनं एकदा देव दारात येतो. आई म्हणाल्या, पंधरा दिवस नीट न्हायलेली नाही, घामट अंगाने ओटी कशी भरू? मग साबण लावून न्हाल्या. मला आधीच कळलं ना पुसणार ते. म्हणून मी न्हायच्या आधी टेपने माप घेतलं. गळ्याच्या खळगीपासून इतकं, कुशीपासून इतकं. वहीत लिहिलं. निजवून, हात वर करून घेतलं, तुम्ही इथे करता तस्सं. परत काढलं ते अगदी मापात. एक धागा इकडेतिकडे नाही.”

“परत काढलं तेव्हाही निजवलं होतं?”

“तेव्हा कुठलं? ढोल वाजायला लागला वाडीत. खुर्चीवर बसवल्या नि पटापट…”

तिचा उजवा हात आपोआप आपल्याच डाव्या खांद्याकडे गेला. तिने डावा हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला.

“हात वर केला की मुंढा वर चढतो,” ती हळू म्हणाली. “गिऱ्हाइकाला मीच सांगते. माप घेताना हात खाली म्हणून. आणि मी निजवून माप घेतलं नि बसवून, हात खाली असताना खूण केली.”

“हो.”

“काही झालं का आईंना?”

“नाही. किरण दिलेलेच नाहीत अजून.”

ईशाने मान हलवली. मग विचारलं, “आणि दिले असते तर?”

डॉक्टरांना बोलावलंय, एवढंच भार्गवीने सांगितलं आणि ती आत गेली.

डॉक्टर वरून खाली आल्या, दोन्ही इमेजा बघितल्या. गंगुबाईंना पुन्हा निजवलं, उन्मेषने टेबल जुन्या आकड्यांवर नेलं, पुन्हा इमेज घेतली. आता फासळ्या एकेकच दिसल्या. जुन्या फुल्या स्पिरिटने पुसून नव्या काढल्या.

“ह्या येळी टोचायचं असेल तर टोच,” छताकडे बघत गंगुबाई म्हणाल्या. “मी खोटं बोल्ले. सुनेचं नाव आलं असतं म्हणून.”

“डॉक्टरांना विचारून टोचू. उद्या.”

“जाऊ दे. तीन ठिपके ते. वर कोण मोजतंय.”

बारा वाजून नऊ मिनिटांनी सोळावा दिवस पूर्ण झाला.

*

यादी आता जवळपास चाळीस मिनिटं मागे होती. पुढचे पाच पेशंट निलेशने स्वतः निजवले, भार्गवीने नुसतं हातात द्यायचं काम केलं. तिने आणखी एक सेटअप मागितला नाही. त्याने देऊ केला नाही. मागितला असता तरी पेशंटमागे दोन-तीन मिनिटं वाचवायची होती तिथे विद्यार्थ्याला जागा नव्हती.

एक वाजायला सात मिनिटं असताना त्याने तिची मोठी वही ओढून घेतली आणि पन्नासावं पान उघडलं. पेन रकान्यावर धरलं.

“मी ‘नाही’ लिहू शकतो,” तो म्हणाला. “सेटअप तुझाच. थांबवलंस ते तू. उन्मेष काही बोलणार नाही.”

तिने वहीकडे बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

“टेबल उन्मेष सरांनी सरकवलं, सर.”

“म्हणजे?”

“म्हणजे मदत घेतली.”

निलेशने पेन रकान्यावर तसंच धरून ठेवलं. तिचं मत बदलतंय का बघत असावा. मग त्याने ‘होय’वर गोल केला, सही केली, तारीख टाकली आणि वही तिच्याकडे सरकवली. “जेवून ये. वीस मिनिटं.”

ती जेवली नाही. मागच्या जिन्यात उभं राहून तिने केळशीला फोन लावला.

“बाबा, एप्रिलचं नाही जमणार. ऑगस्ट.”

पलीकडे देवदत्त कुणाला तरी पेट्यांत गवत नीट घालायला सांगत होते. “काय म्हणालीस? ऑगस्ट? चुकलं का काही?”

“नाही. एक सही राहिली.”

“बरं. एप्रिलात मला बाग सोडून येता आलंच नसतं. ऑगस्टात येईन.” आणि मग, “जेवलीस का?”

“हो,” ती म्हणाली आणि परत खाली गेली.

दुपारी अडीच वाजता उजव्या छातीची एक पेशंट होती. फुल्या बसल्या, दार बंद झालं आणि कन्सोलवर पुन्हा लाल चौकट आली. निलेशने कीबोर्ड ओढला. पासवर्डची दोन अक्षरं घातली आणि थांबला.

“आकडा वाच,” तो म्हणाला. तिच्याकडे बघितलं नाही.

भार्गवीने खिशातली वही काढली, पान शोधलं. “रोज एक्क्याऐंशी पूर्णांक सहा.”

“आज?”

“ब्याऐंशी पूर्णांक सात.”

“खाच बघ.”

ती आत जाऊन बघून आली. फळी एक खाच पुढे बसली होती. निलेशने स्वतःच बसवली होती. तो उठला, आत गेला आणि काही न बोलता नीट बसवून आला.

पाच वाजता पोर्टल बंद झालं. शेवटचा पेशंट सात वाजून दहा मिनिटांनी गेला. निलेशने दुसऱ्या दिवसाची यादी छापली आणि दाराशेजारच्या फळ्यावर टाचणीने लावली. अकराव्या ओळीवर लिहिलंय : ११.२०, शिवलकर गंगुबाई, डावी छाती, सतरावा दिवस, लांबी ८७.२, सेटअप भा. बर्वे, वहीतला क्रमांक पन्नास.